पायाखालची वाळू

पायाखालची वाळू सरकली की माणूस संकटात आहे, असे मराठीत समजायचे. हा वाक्प्रचार किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. ओसरती लाट टाचेखालची वाळू ओढून नेते आणि तोल जातो, हे ज्याने अनुभवले त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. तोच माणूस होडीत चढला की मात्र गणित बदलते. होडीत वाळू आपणहून नसते. ती मुद्दाम आणावी लागते, धुवावी लागते, चाळावी लागते आणि ओल्या रंगावर पेरून पायाखाली पक्की बसवावी लागते.

घरी बांधलेल्या लहान लाकडी होडीला संरक्षक लेप कसा देतात आणि त्या लेपावर पाय घसरू नये म्हणून काय करतात, एवढाच या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो रंगाऱ्याचा विषय. गेली काही वर्षे मी त्याविषयी मिळेल ते वाचतो आहे, गोदीतल्या आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारतो आहे, आणि मला त्यात अधिक रस वाटू लागला तो एका कारणाने: या दोन कामांचे एकमेकांशी पटत नाही. लाकडाला गुळगुळीत, सलग, कुठेही न तुटलेले कवच हवे असते. पायाला खडबडीत, तुटक, टोकेरी जमीन हवी असते. होडीचे आयुष्य एका बाजूला, होडीतल्या माणसाचे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची सोय एकाच फळीवर, मिलिमीटरभर जाडीत करायची आहे. इंग्रजीत या लेपाला 'नॉन-स्किड' म्हणतात. 'घसरणरोधक' असा प्रतिशब्द पाडता येईल, पण तो घाटातल्या सरकारी पाटीसारखा वाटतो. मी सरळ 'खरखरीत लेप' म्हणेन. तळव्याला जे जाणवते तेच नावात असलेले बरे.

घरी बांधायच्या होडीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९६३च्या जानेवारीत लंडनच्या बोट प्रदर्शनात 'मिरर' नावाची शिडाची होडी लोकांसमोर आली. नाव 'डेली मिरर' या वृत्तपत्रावरून, कारण तिचा पुरस्कार त्यांनीच केला होता. आराखडा जॅक होल्ट या नौकारचनाकाराचा आणि बॅरी बकनेल यांचा. बकनेल दूरचित्रवाणीवर घरच्या घरी सुतारकाम, डागडुजी कशी करावी ते दाखवत आणि त्यामुळे घरोघरी माहीत होते. लांबी १० फूट १० इंच, वजन साधारण ४५ किलो, किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. कापलेल्या प्लायवूडचा संच घरी यायचा. कडांना भोके पाडून ते तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि शिवणीवर रेझिनमध्ये भिजवलेली फायबर ग्लासची पट्टी चिकटवायची, अशी रीत होती. वाफेवर वाकवलेल्या फासळ्या नकोत, पिढीजात हातही नको. कारकून, शिक्षक, ड्रायव्हर अशा माणसांना गॅरेजमध्ये किंवा बैठकीच्या खोलीतले सामान बाजूला सारून ती बांधता यावी, हाच हेतू. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या आजवर झाल्या.

फळ्या शिवून नौका बांधणे आपल्याला काही नवे नाही. हिंदी महासागरात काथ्याने शिवलेली गलबते शतकानुशतके चालत होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात दिसणाऱ्या जहाजावरून प्रेरणा घेऊन गोव्यात 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका बांधली गेली आणि मे २०२५मध्ये कारवारला ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्याही फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत आणि फटी नारळाचा काथ्या व नैसर्गिक राळ यांनी बुजवलेल्या आहेत. मिररची तांब्याची तार आणि कौंडिण्यची काथ्याची दोरी यांच्यात एक फरक मात्र मोठा आहे. काथ्याची शिवण होडीचे आयुष्यभर भार वाहते. तांब्याची तार रेझिन घट्ट होईपर्यंत तुकडे जागेवर धरते, पुढे तिचे काम संपते आणि सगळी मदार लेपावर येते. म्हणजे घरच्या होडीत लेप हा शेवटचा साजशृंगार नसून बांधणीचाच भाग आहे.

आता प्लायवूडकडे वळू. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली सुतार जो महागडा प्लाय लावायला सांगतो तो 'मरीन प्लाय', म्हणजे 'आयएस ७१०' या भारतीय मानकाचा. हे मानक लाकडाचे थर चिकटवणाऱ्या सरसाची परीक्षा घेते: नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत. ऐकणाऱ्याला वाटते की हा प्लाय पाण्यात कुजणार नाही. परीक्षा मुख्यतः डिंकाची आहे हे तो विसरतो. थर एकमेकांना घट्ट धरून राहतील, पण मधले लाकूड ते लाकूडच. त्यातला ओलावा बराच काळ वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला घर मिळते. पाणी शिरते तेही फळीच्या पोटातून कमी आणि कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून जास्त. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात, त्या पाणी चोखून घेतात.

लहान लाकडी होडीचा खरा शत्रू समुद्राचे पाणी नव्हे, तर पावसाचे. खारट पाण्यात कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. गोड्या पाण्यात मजेत वाढते. डेकच्या कोपऱ्यात साचलेले वाटीभर पावसाचे पाणी होडीला जितके नासवते तितका आठवडाभराचा समुद्रप्रवास नासवत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, त्यामागे वादळाइतकेच हेही कारण आहे.

यावर पूर्वी आपल्याकडे तेलाचा उपाय होता. माशाचे तेल, राळ, चंद्रूस, डांबर, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी किंवा तेल यांचे मिश्रण: जे हाताशी असेल ते, दर मोसमाला नव्याने. तेलाचा लेप लाकडाबरोबर फुगतो, आक्रसतो आणि झिजतो, म्हणून तो वारंवार द्यावा लागतो; पण चुकला तरी बिघडत नाही, कारण पुढच्या मोसमाला दुरुस्ती ठरलेलीच. प्लायवूडच्या होडीला मात्र वेगळी वाट सापडली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बे सिटी येथे गूजन बंधूंनी १९६९च्या सुमारास द्रव इपॉक्सी रेझिन लाकडी होड्यांसाठी वापरायला आणि विकायला सुरुवात केली आणि १९७९मध्ये त्यावर पुस्तकही काढले. त्यांचा आग्रह असा की लाकडाचा प्रत्येक पृष्ठभाग, आतला-बाहेरचा, दिसणारा-न दिसणारा, इपॉक्सीने पूर्ण बंद करावा. मग लाकडातला ओलावा हवामानाप्रमाणे वरखाली होत नाही आणि लाकूड फुगत-आक्रसत नाही. गोव्यात मांडवीतल्या दिवाड बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'चे कवचही लाकडी गाभ्यावरच्या फायबर ग्लासचेच. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती याच नौकेतून. ती छप्पन्न फुटी, कसलेल्या गोदीत बांधलेली, तेव्हा तिची तुलना गॅरेजमधल्या होडीशी करायची नाही. पण तत्त्व एकच आहे.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले की घट्ट होऊ लागतात आणि होताना उष्णता सोडतात. वाटीभर मिश्रण वाटीतच ठेवले तर ते तापून धुरावते, म्हणून पसरट ताटलीत ओतावे आणि थोडे थोडे कालवावे. हातमोजे घालावेत. कातडीला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. याहून मोठी अडचण आपल्या हवेची आहे. दमट दिवसांत बऱ्याच इपॉक्सींच्या पृष्ठभागावर एक मेणचट थर येतो. हार्डनरमधले अमाइन, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांतून तो तयार होतो. त्यावर दिलेला पुढचा थर धरत नाही. हा मेणचटपणा पाण्यात विरघळतो, तेव्हा आधी पाणी आणि घासणी, नंतरच पॉलिशपेपर. क्रम उलटा झाला तर कागदाने तो मेणचटपणा फळीभर रगडला जातो. थंड, कोरड्या देशात लिहिलेल्या पुस्तकांत ही सूचना एखाद्या ओळीत उरकलेली असते; मुंबई-रत्नागिरीत ती पहिल्या पानावर हवी.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण या शोधात मला सर्वांत आनंद ज्या गोष्टीने दिला ती हीच आहे. काजूच्या टरफलात, दोन कवचांच्या मधल्या जाळीदार थरात, एक दाट काळपट तेल असते. हाताला लागले तर कातडी सोलवटते. पश्चिम किनाऱ्यावर हे तेल होड्यांच्या लाकडाला आणि जाळ्यांना लावत आले आहेत. झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले, म्हणजे हा लेपही तसा उपराच. काजू, आंबा आणि बिब्बा हे तिन्ही एकाच कुळातले. आंब्याचा चीक तोंडाला उततो, बिब्बा उततो, काजूचे तेल भाजते, ते त्याच नात्याने. आंब्याच्या ओंडक्यातून कोरलेल्या होडीला काजूचे तेल चोपडणारा माणूस नकळत भावाच्या अंगाला भावाचे तेल लावत होता. या तेलातला मुख्य घटक तापवला की 'कार्डेनॉल' बनतो. त्याच्या रेणूला पंधरा कार्बनची लांब शेपटी असते आणि ती पाण्याला दूर सारते. या कार्डेनॉलपासून आज 'फेनाल्कामाइन' नावाचे हार्डनर बनवतात आणि जहाजांच्या इपॉक्सी रंगांत ते वापरले जातात, कारण ते दमट हवेतही नीट घट्ट होतात आणि त्यांच्यावर तो मेणचट थर कमी येतो. म्हणजे ज्या टरफलाचे तेल कोळी होडीला चोळत होता, तेच टरफल कारखान्यातून फिरून डब्यात बंद होऊन पुन्हा बंदरावर येते.

लाकडाचे हे झाले. आता पायाचे.

होडी एका बाजूला कलली की डेकचे रूपांतर उतारात होते. शाळेतल्या भौतिकशास्त्रात उतारावर ठोकळा ठेवून तो कधी घसरतो ते पाहायचा प्रयोग असतो. इथे ठोकळा म्हणजे आपण. ज्या कोनाला ठोकळा घसरतो त्याचा स्पर्शक, म्हणजे 'टॅन', हाच घर्षणाचा गुणांक. होडी २० अंश कलली तर उभे राहायला हा गुणांक किमान ०.३६ हवा, ३० अंशाला ०.५८. त्यातही माणूस ठोकळ्यासारखा निश्चल उभा नसतो. तो दोर ओढतो, वाकतो, लाटेच्या धक्क्याने पाऊल टाकतो. चकचकीत ऑइल पेंटवर पाण्याचा पातळ थर असेल तर पाय रंगाला टेकतच नाही, पाण्यावर तरंगतो. खरखरीत लेप दोन कामे करतो: त्याची टोके पाण्याचा थर भेदून तळव्यापर्यंत पोचतात, आणि टोकांमधल्या खाचांतून दाबलेल्या पाण्याला निसटायला वाट मिळते. दुसरे काम विसरले जाते. टोके इतकी दाट असली की खाचाच उरल्या नाहीत, तर लेप हाताला खरखरीत लागतो आणि पाण्यात तरीही घसरतो. अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी १९३५ साली डेकवर घालायचे बूट काढले. त्यांच्या तळव्याला नागमोडी बारीक चिरा होत्या आणि त्यांचे तत्त्व हेच, फक्त खाचा डेकऐवजी बुटात.

जुन्या शिडांच्या लढाऊ जहाजांवर लढाईआधी डेकवर वाळू टाकत. पाण्यावर आणि रक्तावर तोफांजवळच्या माणसांचे पाय घसरू नयेत म्हणून. ही वाळू सुटी, लढाई संपली की धुऊन टाकायची. एरवीचे डेक रंगवत नसत. सागवानाच्या उघड्या फळ्या वाळूने, समुद्राच्या पाण्याने आणि मऊ दगडाने घासून पांढऱ्या करत. उघड्या सागाला ओले असतानाही पकड असते. सागात मुळातच सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, असते हे कुठल्याही सुताराला त्याच्या बोथट झालेल्या रंध्याने सांगितलेले आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. परंतु साग महाग आणि जड. हलक्या लाकडाच्या लहान होड्यांवर कॅनव्हास ताणून बसवायचे आणि त्यावर रंग द्यायचा अशी पद्धत आली; विणीची उठावदार जाळी पायाला धरायची. प्लायवूड आले तेव्हा ना सागाचा उघडेपणा उरला ना कॅनव्हासची वीण. प्लाय उघडा ठेवता येत नाही, आणि झाकला की काचेसारखा होतो. घरी होडी बांधणाऱ्याचा प्रश्न खरा इथून सुरू होतो.

सोपे उत्तर असे की रंगात वाळू मिसळा आणि लावा. पुष्कळ जण तेच करतात. पण द्रव रंग टोकावरून ओघळून खाचेत उतरतो, त्यामुळे प्रत्येक कणाच्या माथ्यावर रंगाचा थर सर्वांत पातळ बसतो, आणि पाय नेमका त्याच माथ्यावर पडतो. माथा झिजतो, कण उघडा पडतो, एक दिवस निखळतो आणि जागी टाचणीच्या टोकाएवढे भोक ठेवून जातो. हाच थर जर लाकडाचे एकमेव कवच असेल तर त्या भोकातून पाणी थेट प्लायमध्ये जाते. वरून काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी डेकवर अंगठा दाबला की मऊ लागते.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कामाचे सूत्र एकच: जो थर पाय धरतो त्याच्यावर पाणी अडवण्याची जबाबदारी टाकू नये. आधी इपॉक्सीचे दोन-तीन गुळगुळीत थर, कडांना आणि भोकांना एक जास्तीचा. हे कवच. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ती पिवळी पडून भुगा होऊ लागते, तेव्हा तिच्यावर प्रायमर आणि रंग. ही कवचाची छत्री. आणि या दोन्हींच्या वर, पूर्ण सुकल्यावर, खरखरीत लेप, जो झिजण्यासाठीच आहे. तो झिजला, निखळला, खरवडून काढावा लागला तरी खालच्या दोघांना धक्का लागत नाही.

खरखरीत थरासाठी वाळू कुठली, हाही प्रश्न आहे. किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्याला पायाशी पडलेली वाळू घ्यायचा मोह होतो. तिच्यात मीठ असते, शिंपल्यांचा चुरा असतो. रंगाखाली अडकलेले मीठ बाहेरचा ओलावा ओढून घेते आणि रंगाला फोड येतात. चुरा पायाखाली पिचतो. त्यापेक्षा गाळणीच्या टाक्यांसाठी मिळते ती धुतलेली सिलिका वाळू घ्यावी, चाळून, बारीक रवा आणि जाड रवा यांच्या मधल्या आकाराची. पूर्ण वाळवावी. ज्या चौकटीत लेप द्यायचा तिला मास्किंग टेप लावावी, कोपरे गोल ठेवावेत. डब्याचे झाकण ठेवून रेघ मारली की झाले. टोकदार कोपऱ्यावरून लेप आधी उचकटतो. चौकटीत रंगाचा भरपूर थर द्यावा आणि तो ओला असतानाच वाळू हातभर उंचीवरून, भोके पाडलेल्या डबीतून पडू द्यावी. वाळू बुडते, पुन्हा टाकावी, पुन्हा बुडते. रंग दिसेनासा होईपर्यंत टाकत राहावे. कंजुषी केली तर पट्टे उमटतात. दुसऱ्या दिवशी न चिकटलेली वाळू मऊ ब्रशने झाडून घ्यावी, ती पुन्हा वापरता येते, आणि उरलेल्या कणांवर रंगाचे एक-दोन पातळ थर देऊन ते जागी कोंडावेत. शेवटचा थर किंचित ओला असतानाच टेप काढावी. दिवाळीच्या दिवसांत वाचकांना उपमा द्यायची तर अनारशाची: खसखस पिठात मळत नाहीत, एका बाजूला लावतात, म्हणून ती दाताखाली येते. रंगात मिसळलेली वाळू डब्याच्या तळाशी बसते. पहिला हात गुळगुळीत जातो आणि शेवटचा नुसता गोटा.

वाळू जड असते. चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास बसते असा माझा हिशेब आहे. ४५ किलोच्या होडीत शर्यतीच्या शौकिनांना तेवढेही खुपते. ते अक्रोडाच्या टरफलांचा भुगा किंवा प्लास्टिकचे बारीक मणी घेतात. न्यूझीलंडहून आलेला 'किवीग्रिप'सारखा दाट ॲक्रिलिक रंगही असतो, त्यात कणच नसतात. जाळीदार रोलर फिरवला की दाट रंगाचीच टोके उभी राहतात. पण मला सर्वांत चतुर वाटते ती साखरेची युक्ती. ओल्या रेझिनवर वाळूऐवजी साखर पेरायची, रेझिन घट्ट झाले की कोमट पाण्याने साखर विरघळवून टाकायची. मागे उरतात ते खळगे. टोकांऐवजी खाचा, कण निखळायची भानगड नाही आणि वजनही नाही. मीठही चालते. साखर टाकलेल्या फळीला पाणी लागेपर्यंत मुंग्यांपासून जपायचे, एवढी एकच दक्षता आपल्या देशात जास्तीची.

या सगळ्या रीतींचे दोन-दोन वीत तुकडे प्लायवर करून पाहता येतात. फळी पाण्याने ओली करायची, तिच्यावर जुनी रबरी चप्पल आणि चपलेवर वीट ठेवायची, मग एक टोक हळूहळू उचलायचे. चप्पल सुटते त्या क्षणी फळीची उंची आणि तिच्या पायाची लांबी मोजली की भागाकारच गुणांक. मी हे गच्चीवर करतो. होडी बांधायच्या आधी प्रत्येकाने करावे, आणि एकदा फळीवर साबणाचे पाणी टाकूनही करावे, कारण होडीत नुसते पाणी क्वचितच असते.

लेप कुठे द्यायचा नाही, हे ठरवणे मला जास्त कठीण वाटते. मोठ्या नौकेत चालायची जागा आणि बसायची जागा वेगळी असते. अकरा फुटी होडीत तीच फळी पायाखाली, गुडघ्याखाली आणि मांडीखाली येते. मिररसारख्या होडीत वारा वाढला की काठावर बसून, पाय पट्ट्यांत अडकवून, अंग बाहेर झोकावे लागते. काठावर जाड वाळू असेल तर तासाभरात पॅन्ट फाटते आणि मांडी सोलते. गुळगुळीत ऑइल पेंट असेल तर माणूस नको तेव्हा आत किंवा बाहेर जातो. तिथे बारीक पोत हवा, पाय टेकायच्या जागी जाड. कडी, क्लीट, स्क्रू यांच्याभोवती दोन बोटे गुळगुळीत सोडावीत. तिथे पाणी अडवणारा सीलंट नीट बसायला सपाट जागा लागते. डेकच्या कडेने एक गुळगुळीत पट्टी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून वाहून जाते आणि फडका फिरवता येतो. दोर घासतो तिथे वाळू नको, दोर खाल्ला जातो. रंग फिका राखाडी किंवा साय-पिवळा. पांढरा डोळ्यांवर येतो, आणि आपल्या उन्हात गडद रंगावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा.

अनवाणी हा शब्द आला म्हणून सांगतो. पाश्चात्त्य पुस्तके बुटातल्या पायासाठी लिहिलेली असतात. आपल्या किनाऱ्यावर होडीत चपला घालून कोणी उभे राहत नाही. उघडा तळवा कणाची टोके स्वतःच शोधतो, बोटांनी पकडतो, त्याला जाड वाळूची गरज कमी लागते आणि ती टोचतेही जास्त. म्हणून पुस्तकातला आकार आपल्याकडे एक पायरी बारीक घ्यावा, असे माझे मत आहे.

कोकणात लहान लाकडी होड्यांची जागा आता फायबरच्या होड्यांनी बरीचशी घेतली आहे. साच्याला टेकलेली त्यांची बाहेरची बाजू गुळगुळीत, आतली तंतूंमुळे ओबडधोबड. आत पाय बरा ठरतो, पण धागे टोचतात आणि मासळीचा चिकटा त्यांत बसतो, म्हणून वर रंग दिला जातो. धुवायला सोपा असा चकचकीत रंग. त्यावर पाणी आणि मासळीचा बुळबुळीतपणा आला की जाळे ओढणारा माणूस काठाशी एका पायावर असतो. यंत्र चालू, होडी पुढे जात असलेली, सोबतीला एखादाच माणूस किंवा तोही नाही. पोहता येत असले तरी चालत्या होडीला गाठता येत नाही. नाळेकडच्या फळीवर गोणपाट किंवा जुन्या जाळ्याचा तुकडा अंथरलेला मी अनेकदा पाहिला आहे. तोही खरखरीत लेपच, फक्त सुटा. आणि सुटा असल्यामुळे तो कधी कधी माणसासकट सरकतो. तिथे बारीक वाळूची दोन-तीन फूट चौकट बसवायला एक संध्याकाळ पुरते. अट एवढीच की ती रोज ताठ ब्रशने घासली गेली पाहिजे. खाचांत खवले आणि चिकटा साचू दिला तर टोके बुजतात आणि लेप असून नसल्यासारखा होतो.

पावसाळ्याच्या बंदीनंतर झापे काढून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी रंगकाम होतेच. तेव्हा आधी एक करून पाहावे. कोरड्या होडीत चिमूट चिमूट रांगोळी भुरभुरावी आणि ज्याची होडी त्यानेच नेहमीप्रमाणे चढावे, यंत्राकडे जावे, नांगर उचलल्यासारखे करावे, जाळे ओढल्यासारखे करावे, उतरावे. पाय वाटेल तिथे पडत नाहीत, ठरलेल्या सात-आठ जागीच पडतात. त्या ठशांभोवती पेन्सिलीने रेघ मारून मग टेप लावावी.